पूर्वेचा बांध

कॉल्बी किल्ला
१४ नोव्हेंबर, सेंट मार्टिनचा सण होऊन तीन दिवस झाले

ताई,

तुझा धाकटा भाऊ जिवंत आहे, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढचं तरी जिवाला घोर न लावता वाचशील.

मंगळवारी स्टॅनवेलच्या पुलावर गाठ पडली. लढाई अशी दोनच तास झाली, बाकीचा दिवस नुसती कापाकापी. हॅव्हरडेलचे लॉर्ड ऑस्बर्ट घोड्यासकट नदीत गेले. अंगावर चिलखत, वर कसले येतात? संध्याकाळी गळ टाकून काढले. थोरले महाराज मागे मूलबाळ न ठेवता गेले आणि दोन चुलतभावांनी दोन बाजूंनी मुकुटाला हात घातला. त्यातला एक हात आता गळून पडला. राहिले आमचे सरकार, ऑल्डरटनचे ड्यूक रेनल्ड. ईस्टरला लंडनमध्ये राज्याभिषेक होईल. झालं एकदाचं. चार वर्षांत मी एक कान आणि तीन घोडे गमावले, आता मला शेकोटीपाशी बसून म्हातारं व्हायचंय.

सरकारांनी मला कॉल्बीचा किल्लेदार केलं. म्हणजे तुझ्या मठापासून सहा कोस. खूश?

आता कामाचं. ऑस्बर्टची विधवा पेट्रोनिला लढाईच्या दुसऱ्याच दिवशी वाड्यातून निघून गेली. दलदलीच्या बाजूला गेली असं म्हणतात, आणि त्या बाजूला तुझ्या मठाखेरीज आहे काय? तुझ्याकडे आली असेल तर मला कळव. सरकार मला जवळ बोलावून म्हणाले, "ह्यू, बाईमाणसाशी माझं वैर नाही. तिला म्हणावं, निर्धास्त बाहेर ये." बायबलवर हात ठेवून म्हणाले, ताई. मी समोर उभा होतो.

आशीर्वाद असू दे.

ह्यू


विदरमिअर मठ
२२ नोव्हेंबर

ह्यू,

उरलेला कान शाबूत ठेव. लहानपणी दोन कान असताना तू माझं ऐकत नव्हतास, आता एकावर कठीण आहे.

हो, पेट्रोनिलाबाई इथे आहेत. लपवून उपयोग नाही. भर दुपारी मासेवाल्याच्या गाडीतून उतरल्या, अख्ख्या गावानं पाहिलं. आल्या त्या थेट वेदीपाशी जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "मदर, मी इथून उठणार नाही. उठवायचं असेल तर ओढून न्या." मी म्हटलं, "बाईसाहेब, फरशी गार आहे, निदान उशी घ्या." उशी घेतली. मग मी घंटा वाजवली, सगळ्या सिस्टरना गोळा केलं आणि रिवाजाप्रमाणे त्यांना देवाघरचं अभय दिलं, म्हणजे मठात असेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. तेव्हा त्या आता माझ्या पाहुण्या नाहीत, देवाच्या आहेत. तुझ्या सरकारांना तसं सांग.

बाई स्वभावानं भारी कडक आहेत. वाम मासा खात नाहीत आणि आमच्याकडे हिवाळ्यात दुसरं असतं काय? स्वयंपाकघरातली सिस्टर गॉडिथ वैतागली आहे. पण काल गॉडिथनंच त्यांच्यासाठी कोंबडीचं सूप केलं, कारण बाई पोटुशी आहेत. सातवा लागलाय. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोकळ्या होतील.

हेही मी लिहिते, कारण पोट काही पदराखाली झाकता येत नाही. लॉर्ड ऑस्बर्ट बुडाले, पण त्यांचा हक्क बुडाला की नाही ते अडीच महिन्यांनी कळेल.

एक विचारते. ऑस्बर्टचे काका, म्हातारे सर बीव्हिस, तुझ्या सरकारांच्या शपथेवर गढीतून बाहेर आले असं ऐकलं. ते कुठे आहेत?

आव्हिस


कॉल्बी
४ डिसेंबर

ताई,

सर बीव्हिस माझ्याकडेच आहेत, ठणठणीत. दक्षिणेकडची खोली दिली आहे, ऊन येतं. रोज दुपारी आम्ही बुद्धिबळ खेळतो आणि रोज मी हरतो. काल मला म्हणाले, "पोरा, तू लढाई जिंकलास कशी?" मी म्हटलं, "लढाईत समोरचा इतका वेळ विचार करत नाही." पोट धरधरून हसले. त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही, मी जामीन. पेट्रोनिलाबाईंना हे वाचून दाखव.

बाळाची बातमी सरकारांना सांगावीच लागली. माझ्या तोंडून कळली ते बरं, दुसऱ्याच्या तोंडून कळली असती तर माझी काय पत राहिली असती? त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "मुलगी झाली तर माझ्या पुतण्याला करून घेऊ, दोन्ही घरं एक होतील. मुलगा झाला तर माझ्या पंगतीत वाढेल." यापेक्षा मोठं मन कुणाचं असतं सांग?

सोबत मेण आणि खारवलेला कॉड पाठवतोय, वामाला पर्याय म्हणून. आणि सरकारांनी आपली सुईण पाठवली आहे, मेबल नावाची. चांगली हुशार आहे. तिला ठेवून घे.

ह्यू


विदरमिअर
१३ डिसेंबर, सेंट लूसीचा दिवस

ह्यू,

कॉड ठेवून घेतला. सुईण परत पाठवली.

रागावू नकोस. बाई आली, हातपाय धुतले, बसली आणि पहिला प्रश्न काय? "बाळंतिणीच्या खोलीला दारं किती?" सुईण पाणी कुठे तापवायचं ते विचारते, जुनेरं कुठे आहेत ते विचारते. दारं कोण मोजतं? आमच्या गॉडिथनं तीनशे पोरं हातावर झेलली आहेत. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "इथे बाळ एकाच वाटेनं येतं, बये, आणि ती वाट मला माहीत आहे." मेबलला रात्रीच्या आत घरी पोचता यावं म्हणून आम्ही तिला लवकर जेवू घातलं.

आता दुसरं. परवापासून दलदलीतून मठाकडे येणाऱ्या तिन्ही बांधांच्या तोंडाशी तुमचे शिपाई बसले आहेत. मी स्वतः चालत गेले. स्टरमी नावाचा कुणी कप्तान आहे, टोपी काढून अदबीनं बोलला. "मदर, तुमच्या रक्षणासाठी." मी म्हटलं, "मग तोंडं आमच्याकडे का करून बसलाय? शत्रू मठातून येणार आहे का?" तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

पेट्रोनिलाबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. सर बीव्हिसचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं त्यांना लग्नात हात धरून आणलं होतं. पण पंगतीची गोष्ट ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांच्या पंगतीला बसायचं, तिथे आधी बसलेल्यांचं पुढे काय झालं ते विचारावं."

आपली आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, मी तुला भरवलंय, म्हणून तुला सरळ विचारते. मुलगा की मुलगी, हे कळायची तुझ्या सरकारांना एवढी घाई का?

आव्हिस


कॉल्बी
५ जानेवारी

ताई,

सर बीव्हिस वारले. ताप आला होता.

सणाच्या आठवड्यात सरकारांनी मला लिंकनला एक निरोप घेऊन पाठवलं. साधा निरोप, कुणीही नेला असता. दोन दिवसांनी परत आलो तर पेटी खिळे ठोकून तयार होती. स्टरमी म्हणाला, "ताप. एकाएकी चढला." वैद्याला बोलावलं होतं का म्हटलं, तर म्हणाला वेळच मिळाला नाही. वैद्य आमच्या फाटकाशेजारीच राहतो.

खोलीत गेलो. आमचा डाव तसाच मांडलेला होता, चाल त्यांची होती. अंथरूण घडी करून ठेवलेलं. तापाच्या माणसाचं अंथरूण असं नसतं, असं मनात आलं. मग म्हटलं, नोकरांनी आवरलं असेल. नोकर आवरतातच.

मी पेटी उघडायला सांगितली नाही. तू विचारशील म्हणून लिहितो.

पेट्रोनिलाबाईंना तू कसं सांगायचं ते तूच ठरव. मी जामीन राहिलो होतो हे त्यांच्या लक्षात असेल.

सरकार इथेच मुक्कामाला आहेत. काल जेवताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्यू, तुझी बहीण तुझं ऐकते ना?" मी म्हटलं, "सरकार, ती पोपचंही ऐकत नाही." सगळे हसले. ते हसले नाहीत. हातही उचलला नाही.

थंडी फार आहे.

ह्यू


विदरमिअर मठ
२० जानेवारी

कॉल्बीचे किल्लेदार सर ह्यू थॉर्नबी यांस,

कळवण्यास आनंद होतो की लेडी पेट्रोनिला काल सकाळी, दिवस पुरे भरण्याआधीच, सुखरूप बाळंत झाल्या. कन्यारत्न झालं. बाळाचा बाप्तिस्मा लगेच उरकून घेतला आणि नाव मार्गरी ठेवलं. बाळ अशक्त आहे, गॉडिथच्या मते महिनाभर तरी त्याला वारा लागू देता कामा नये. बाळंतिणीलाही ताप आहे. तेव्हा कुणी भेटीला येण्याचा त्रास घेऊ नये.

ही बातमी आपण ड्यूकसाहेबांच्या कानावर घालावी. सर्व सिस्टर त्यांच्यासाठी प्रार्थना करत आहेत.

मदर आव्हिस
विदरमिअर


कॉल्बी
२५ जानेवारी

ताई,

डिकनजवळ दोन पत्रं दिली आहेत. मोठं, लाखेच्या शिक्क्याचं, सगळ्यांसमोर वाच. त्यात अभिनंदन वगैरे आहे. हे छोटं त्यानं बुटात घालून आणलंय. वाच आणि लगेच जाळ. डिकन सात वर्षं माझा घोडेवाला आहे, त्याची काळजी नको.

तुझं पत्र मी दिवाणखान्यात मोठ्यानं वाचलं. सरकारांनी ऐकून घेतलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "छान. मग मुलीला बघायलाच हवं. मेणबत्त्यांच्या सणाला आपण मठात जाऊ. साठ घोडेस्वार पुरेत." म्हणजे दोन फेब्रुवारी. नंतर ते खिडकीशी उभे राहून स्टरमीला सांगत होते. त्यांच्या बाजूला माझा गेलेला कान होता, म्हणून ते निवांत बोलले असतील. खिडकीच्या दगडावरून आवाज उलटून येतो, हे त्यांना माहीत नाही. "मुलगी असेल तर पाळण्यात काहीतरी ठेवून परत फिरू. नसेल, तर तू मागे थांब."

ताई, मुलगी नाही. मला कळलंय. तू मला कधी "आपण" म्हणाली नाहीस. बाळ काळं की गोरं, कुणाच्या नाकावर गेलंय, रडतं कसं, यातलं एक अक्षर तुझ्या पत्रात नाही. तू आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलंस आणि तेही फार वाईट लिहिलंस. सुदैवानं दुसऱ्या कुणाला तुझा हात ओळखीचा नाही.

सर बीव्हिसना ताप नव्हता. मी नंतर पेटी उघडली. मानेवर दोरीचा वळ होता. हे मी आठ दिवस मनात ठेवून त्याच पंगतीला जेवत होतो.

आता नीट वाच. एक फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवशी, मी पूर्वेच्या बांधावरचे शिपाई दुपारच्या प्रार्थनेसाठी इकडे बोलावून घेतो. किल्लेदार म्हणून तेवढा अधिकार मला आहे. दुपारपासून दिवे लागेपर्यंत त्या बांधावर माणूस नसेल. बाईंना आणि बाळाला त्या वाटेनं काढ. बांध संपतो तिथे गिरणीजवळ दोन घोडे बांधून ठेवतो. पुढे किनारा चार कोस, तिथून बोटी फ्लँडर्सला जातात.

जमेल का ते डिकनच्या हाती कळव. ताई, एवढं एक मला करू दे.

ह्यू


विदरमिअर
२८ जानेवारी

ह्यू,

तुझं पत्र वाचलं आणि जाळलं. जळत असताना गॉडिथ शेजारी उभी होती, तिला वाटलं मला धुरानं पाणी आलं डोळ्यांना.

तू म्हणतोस तसंच करू. एक तारखेला दुपारची घंटा झाली की बाई बाळाला घेऊन पूर्वेच्या बांधानं निघतील. सोबत एक सिस्टर असेल, म्हणजे कुणी लांबून पाहिलं तरी दोन सिस्टर आजाऱ्याला पाहायला निघाल्या असं वाटेल. बाळाला गॉडिथ खसखशीचं पाणी चाटवणार आहे, ते रडणार नाही. गिरणीपाशी घोडे तेवढे विसरू नकोस.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गोरा आहे, टक्कल आहे, आणि रडतो इतक्या जोरात की वेदीवरच्या मेणबत्त्या हलतात.

पेट्रोनिलाबाई तुझे आभार मानतात.

लहानपणी तू ओढ्यात पडला होतास तेव्हा मी विचार न करता उडी मारली होती. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. माणूस मोठा झाला की विचार करतो, त्याला इलाज नाही.

सांभाळून राहा.

आव्हिस


कॉल्बी
३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र आधी स्टरमी वाचणार आणि मग तुझ्याकडे येणार. वाचू दे. त्यात त्याला नवीन काही सापडायचं नाही.

डिकन तुझ्याकडे येताना-जाताना दर खेपेला आधी स्टरमीकडे उतरत होता. नोव्हेंबरपासून. माझं बुटातलं पत्र तुझ्याआधी सरकारांनी वाचलं. तुझं उत्तर माझ्याआधी त्यांनी वाचलं. मला ते मिळालं एकतीस तारखेला, सरकारांच्या हातून. त्यांनी ते मला शांतपणे वाचून दाखवलं, अगदी टकलापर्यंत. मग म्हणाले, "ह्यू, तू मला फार सोपं करून दिलंस. मठाच्या दारात मुलाला हात लावला असता तर बिशप ओरडला असता. आता तो स्वतःच्या पायांनी अभयातून बाहेर येतोय."

मग त्यांनी माझे हुकूम जसेच्या तसे पाळायला लावले. शिपाई काढून घेतले. गिरणीपाशी माझेच दोन घोडे बांधले. आणि बांधाच्या दोन्ही अंगांना बोरूच्या बेटात चाळीस तिरंदाज बसवले. मला गिरणीच्या माळ्यावर उभं केलं, हात मागे बांधून, सरकारांच्या शेजारी. मी पाहावं म्हणून.

दुपारची घंटा झाली. ती ऐकली तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही. मी आईला हाक मारली, एवढं सांगतो, आणि या वयात लाज वाटली नाही. मीच पत्र लिहिलं. मीच वाट दाखवली. सर बीव्हिसच्या वेळी मी निदान दोन दिवस लांब होतो, इथे तर सगळं माझ्या हातानं मांडलेलं होतं.

बांध मोकळा होता. एक बगळा उतरला आणि बराच वेळ उभा राहिला. तासाभरानं सरकार म्हणाले, "बायकांना आवरायला वेळ लागतो." दोन तास झाले. पाऊस सुरू झाला, बर्फासारखा. बोरूत कुणीतरी शिंकलं, स्टरमीनं शिवी हासडली. मग दुसरा शिंकला. चाळीस माणसं कमरेइतक्या पाण्यात आणि बांधावर तो एक बगळा.

केव्हा लक्षात आलं ते नेमकं सांगता येत नाही. दिवस कलायला लागला होता. एकदम तुझं पत्र आठवलं, शेवटच्या ओळी. माणूस मोठा झाला की विचार करतो. ताई, या वेळी विचार न करता उडी मारणार नाहीस, हे तू तेव्हाच सांगत होतीस. मला हसू फुटलं. आवरेना. सरकारांनी वळून पाहिलं, मला वाटतं त्यांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी हातमोज्यासकट तोंडावर मारलं, तरी थांबेना. नोव्हेंबरपासून मी असा हसलो नव्हतो.

काल ते साठ स्वार घेऊन मठात गेले, ते तुला माहीतच आहे. तुझ्या दारात बिशप चाळीस पाद्री घेऊन, हातात मेणबत्त्या घेऊन उभा होता म्हणे. त्याला तू केव्हा बोलावलंस? सरकारांना गुडघे टेकून प्रार्थना करावी लागली आणि मग तुम्ही त्यांना पाळणा दाखवलात, रिकामा. स्टरमी सांगत होता की तू म्हणालीस, "बाई कधी गेल्या ते आम्हाला कळलंच नाही, आम्ही प्रार्थनेत होतो." तिसरं खोटं, ताई. पंधरा दिवसांत तीन. हात बसायला लागला तुझा.

परत आल्यावर त्यांनी मला दिवसभर विचारलं, कुठे गेली? कोणत्या वाटेनं? कुणाबरोबर? बरंच काही करून विचारलं. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे, भिऊन नव्हे. मी प्रत्येक वेळी सांगितलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं. मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं, ताई. दुसऱ्या तासालाच सांगितलं असतं. मी काही फार शूर नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर मला खालच्या चौकात नेणार आहेत. कुऱ्हाड आहे, दोर नाही. किल्लेदाराचा मान ठेवला. पाद्री येऊन गेला. स्टरमीनं विचारलं, काही हवंय का, तर मी कागद मागितला. मनात एकच भीती होती की तू मठात रडत बसशील, आपण भावावर विश्वास ठेवला नाही म्हणून स्वतःला खात राहशील. म्हणून एवढं लिहायला बसलो.

तू ठेवला नाहीस, म्हणून तो पोरगा आज कुठेतरी रडतोय.

फार बरं केलंस, ताई.

ह्यू